१९६७ च्या जनमत कौलाचा गावोगावचा प्रचार: प्रदर्शनाची मांडणी कशी असावी?

अंत्रुजकर (प्रश्न)

सर्व सभासदांना नमस्कार. फोंडा तालुक्यातील आमच्या वाचनालयाला जोडून एक लहानसे इतिहास दालन आहे. आजवर तेथे शेतीची जुनी अवजारे, मापे, समया आणि काही मोडी कागद एवढेच मांडलेले होते. येत्या १६ जानेवारीच्या, म्हणजे कौलाच्या दिवसाच्या, निमित्ताने १९६७ च्या जनमत कौलाच्या प्रचारावर प्रदर्शन भरवायचे असे कार्यकारिणीने ठरवले आहे. विलीनीकरणाचे पुरस्कर्ते, गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर आणि विलीनीकरणविरोधी नेते डॉ. जॅक सिक्वेरा यांची मोठी छायाचित्रे लावून मोकळे होण्याचा आमचा विचार नाही. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा की संघप्रदेश (केंद्रशासित प्रदेश) म्हणून वेगळा राहावा, या प्रश्नावर गावातल्या साध्या माणसांनी प्रचार कसा केला, कोण कोणाच्या दारात गेले, सभा कोठे झाल्या आणि पत्रके कोणी वाटली हे दाखवावे, अशी कल्पना आहे.

आवाहनाला प्रतिसाद चांगला मिळाला. फूल (विलीनीकरण) आणि दोन पाने (संघप्रदेश) ही कौलाची दोन्ही चिन्हे असलेली हस्तपत्रके, वृत्तपत्रांची कात्रणे, पत्र्याचा एक हातभोंगा आणि देवळासमोरच्या सभेचे एक अंधूक छायाचित्र हाती आले आहे. मात्र दोन अडचणी आहेत. पहिली मांडणीची. काही सभासदांचे म्हणणे असे की एका भिंतीवर विलीनीकरणवादी आणि समोरच्या भिंतीवर विलीनीकरणविरोधी असे सरळ दोन भाग करावेत. मला ते पटत नाही, कारण गाव असा दोन भिंतींत विभागलेला नव्हता. एकाच घरातले दोघे भाऊ दोन बाजूंना होते अशी उदाहरणे आमच्याच वाड्यावर आहेत.

दुसरी अडचण अधिक नाजूक आहे. एका कार्यकर्त्याच्या वारसांनी त्यांची वही दिली आहे. शाळेची साधी रेघांची वही आहे. तिच्यात वाड्यावाड्यांनुसार घरमालकांची नावे आहेत आणि प्रत्येक नावापुढे शाईने फूल, दोन पाने किंवा नुसते प्रश्नचिन्ह काढलेले आहे. काही ठिकाणी फूल खोडून पाने काढली आहेत, तर एका नावापुढे ‘सून वेगळी’ एवढीच नोंद आहे. गावपातळीवरचा प्रचार कसा चालला हे सांगणारी याहून बोलकी वस्तू आम्हाला मिळणार नाही, परंतु त्या घरांतली पुढची पिढी आजही गावातच राहते. ही वही मांडावी का, आणि मांडायची तर कशी, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

बार्देशचा वाचक

आपला उपक्रम स्तुत्य आहे, आणि दोन भिंतींविषयीची आपली शंका मला पूर्णपणे रास्त वाटते. दोन भिंती केल्या की पाहणारा लगेच त्यांना आजची नावे चिकटवतो: ही मराठीची भिंत, ती कोंकणीची; ही हिंदूंची, ती ख्रिस्त्यांची. कागद मात्र तसे सांगत नाहीत. विलीनीकरणाला विरोध करणारे सर्वांत प्रभावी दैनिक ‘राष्ट्रमत’ मडगावहून निघत असे आणि ते मराठीत होते. उदय भेंब्रे यांचे ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर त्याच दैनिकात, मराठीतच, गाजले. मराठी वाचणाऱ्या हिंदू मतदाराला त्याच्याच वाचनाच्या भाषेत समजावल्याखेरीज कौल फिरणार नाही, हे ओळखून केलेली ती योजना होती. त्यामुळे ‘राष्ट्रमत’चे एखादे पान आणि विलीनीकरणाच्या बाजूच्या ‘गोमन्तक’ दैनिकाचे एखादे पान शेजारी शेजारी लावले, तर भाषा एक आणि भूमिका दोन ही गोष्ट वेगळे काही न लिहिता कळेल. दोन्हींच्या जुन्या अंकांची चौकशी पणजीला पाटो येथील कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात करावी.

मांडणी काळानुसार करावी, असे माझे मत आहे. प्रारंभ १९ डिसेंबर १९६१ च्या मुक्तीपासून करण्याची गरज नाही, नाहीतर अर्धे दालन त्यातच संपेल. डिसेंबर १९६३ च्या पहिल्या निवडणुकीपासून आरंभ करावा. विलीनीकरणाचा पुरस्कार करणारा महाराष्ट्रवादी गोमंतक (मगो) पक्ष त्या निवडणुकीत सत्तेवर आला आणि मग प्रश्न असा उभा राहिला की विलीनीकरणाचा निर्णय विधानसभेच्या बहुमताने व्हावा की प्रत्येक मतदाराला वेगळे विचारावे. सिक्वेरांच्या युनायटेड गोवन्स पक्षाने दुसरा आग्रह धरला, काँग्रेसचे नेते पुरुषोत्तम काकोडकर यांनी दिल्लीत त्यासाठी प्रयत्न केले, आणि डिसेंबर १९६६ मध्ये संसदेने जनमत कौलाचा कायदा केला. मतदान निःपक्षपाती व्हावे म्हणून त्याच महिन्यात बांदोडकरांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. आपल्या वहीतली फुले-पाने ज्या धावपळीची आहेत तिचा काळ एवढाच, म्हणजे महिना-दीड महिन्याचा.

आणि कृपा करून प्रदर्शन निकालाच्या फलकावर संपवू नका. संघप्रदेशाच्या बाजूने १,७२,१९१ आणि विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली. फरक ३४,०२१ मतांचा. हे सर्वांना ठाऊक असते. मात्र त्यानंतर अडीच महिन्यांच्या आत, २८ मार्च १९६७ रोजी, विधानसभेची निवडणूक झाली आणि त्याच मतदारांनी मगो पक्षाला ३० पैकी १६ जागा देऊन बांदोडकरांना पुन्हा मुख्यमंत्री केले, हे नव्या पिढीतल्या फार थोड्यांना माहीत आहे. ज्या मतदाराने जानेवारीत दोन पानांवर मताची फुली मारली आणि मार्चमध्ये मगोच्या सिंहावर शिक्का मारला, तो कोणत्या भिंतीवर लावायचा? माझ्या मते प्रदर्शनाचा खरा नायक तोच आहे.

एक सूचना मथळ्याविषयी. ‘स्वतंत्र भारतातील एकमेव जनमत कौल’ असे बहुतेक ठिकाणी लिहिलेले आढळते, ते तसेच उतरवून घेऊ नये. फेब्रुवारी १९४८ मध्ये जुनागढला आणि एप्रिल १९७५ मध्ये सिक्कीमला लोकांचे मत घेतले गेले होते. भारतात आधीच सामील असलेल्या प्रदेशाने शेजारच्या राज्यात विलीन व्हावे की नाही यावर झालेला कौल, असे म्हटले की गोव्याचे वेगळेपण अचूक शब्दांत येते. निकालाचे वरील आकडे केवळ गोव्याचे आहेत, हेही नमूद करावे. दमण व दीवच्या मतदारांपुढे प्रश्न गुजरातेत विलीन होण्याचा होता.

डिचोलीकर

वरील सभासदांच्या माहितीबद्दल आदर आहे, तरी मांडणीच्या सूचनेशी मी सहमत नाही. सर्व काही काळानुसार एकत्र लावले की भांडण सौम्य होते, आणि सौम्य झालेल्या भांडणात नेहमी जिंकलेल्या बाजूचीच भाषा उरते. आज १६ जानेवारी सरकारी पातळीवर ‘अस्मिताय दिस’ म्हणून पाळला जातो. त्या दिवशी होणाऱ्या भाषणांत विलीनीकरणाच्या बाजूने मत देणारा माणूस एकतर फसलेला असतो किंवा गोव्यावर प्रेम नसलेला असतो. पेडणे, डिचोली, सत्तरीकडच्या ज्या घरांनी फुलावर फुली मारली त्यांना विचारून पाहा. वैध-अवैध सगळी मते धरली तरी शंभरातल्या साडेत्रेचाळीस जणांनी ज्या बाजूला मत दिले, तिची कारणे सांगणारी स्वतंत्र जागा प्रदर्शनात हवीच. भिंती दोन करा किंवा करू नका, पण ती कारणे ‘तेव्हाच्या काही लोकांचे मत’ अशा एका ओळीत गुंडाळू नका.

ती कारणे प्रामुख्याने जमिनीची होती. आमच्या भागातला कूळ भाटकाराच्या (जमीनदाराच्या) शेतात राबत होता आणि मुंडकार भाटकाराच्याच भाटात घर बांधून राहत होता. घराची जमीन मालकीची नाही, म्हणजे भाटकाराची मर्जी गेली की छप्पर गेले. गोव्यात कूळ कायदा १९६४ मध्ये आला आणि मुंडकारांना संरक्षण देणारा कायदा तर १९७५ मध्ये, कौलानंतर आठ वर्षांनी. महाराष्ट्रात कूळ कायद्याची अंमलबजावणी पुढे गेलेली दिसत होती, आणि गोवा लहान राहिला तर सत्ता फिरून भाटकारांच्याच हातात जाईल अशी भीती होती. भाषेचा अभिमान होताच, नाही असे नाही. देवळातली भजने, कीर्तने, नाटके मराठीत आणि बांदोडकरांच्या सरकारने खेड्यापाड्यांत मराठी प्राथमिक शाळा काढल्या, तिथे आमच्या घरातली पहिली पिढी शिकली. तरीही मला वाटते, फुलाला पडलेल्या मतांत व्याकरणापेक्षा सातबारा जास्त होता.

दुसऱ्या बाजूची कारणेही तितकीच पोटापाण्याची होती, हेही आपण दाखवावे. महाराष्ट्रात दारूबंदीचा कायदा होता आणि आपल्याकडे माडी काढायला माडावर चढणारे रेंदेर, काजूच्या हंगामावर वर्ष काढणारे भट्टीवाले, गावोगावचे तावेर्नवाले यांचे काय होणार हा प्रश्न प्रचारात अगदी उघडपणे विचारला गेला. प्रतिनियुक्तीवर बाहेरून आलेल्या अधिकाऱ्यांविषयीची नाराजी होती, सरकारी नोकऱ्या कोणाला मिळणार ही धास्ती होती. बहुजन समाजातल्या अनेकांनी मगोला मत देऊनही विलीनीकरणाला का दिले नाही, याचे उत्तर बरेचसे येथे सापडते. म्हणून माझी सूचना अशी की काळाऐवजी प्रश्नांनुसार मांडणी करावी: जमीन, शाळा, नोकरी, दारू, भाषा; आणि प्रत्येक प्रश्नापुढे दोन्ही बाजूंची पत्रके काय म्हणत होती ते जसेच्या तसे ठेवावे. पत्रकांतला कडवटपणा झाकू नये. काही पत्रके जातीवर आणि धर्मावर घसरलेली होती. तीही असू देत, फक्त त्यात कोणा खाजगी माणसाचे नाव असेल तर तेवढे झाकावे.

जुने कागद

मांडणीच्या वादात मी पडत नाही. हे कागद प्रदर्शन संपेपर्यंत आणि त्यानंतरही टिकावेत, एवढ्याच दृष्टीने लिहितो.

सर्वप्रथम, मूळ हस्तपत्रके भिंतीवर लावू नयेत. तो कागद स्वस्तातला, आम्लयुक्त असतो. उजेडाने पिवळा पडतो आणि घडीवर तुटतो. उत्तम प्रतीचे स्कॅन करून त्यांच्या मूळ आकाराच्या प्रती लावाव्यात आणि मूळ प्रत आम्लरहित कागदाच्या पाकिटात, सपाट, पेटीत ठेवावी. एखादे मूळ पत्रक दाखवायचेच असेल तर ते काचेच्या पेटीत, थेट ऊन न येणाऱ्या जागी, ५० लक्सच्या आसपासच्या मंद प्रकाशात आणि थोड्या दिवसांसाठी. लॅमिनेशन कोणी कितीही प्रेमाने सुचवले तरी करू नये, ते परत काढता येत नाही. चिकटपट्टी, स्टेपलर, रबरबँड हेही वर्ज्य. क्रमांक घालायचा तर मागच्या बाजूस कोपऱ्यात, मऊ पेन्सिलीने. आपल्याकडच्या पावसाळ्यात बंद खोलीतही कागदाला बुरशी येते, म्हणून प्रदर्शन जानेवारीत असले तरी जूनची सोय आताच करावी.

भिंतीवरून काढून आणलेली भित्तीपत्रके असतील तर त्यांची पाठ पाहावी. तिथे पिठाची खळ लागलेली असते आणि कसर प्रथम त्यावरच येते. तरीही ती खळ घासून काढू नये, कारण हा कागद खरोखर भिंतीवर चिकटवला गेला होता, छापून घरात पडून राहिला नव्हता, याचा तोच पुरावा आहे. कोपऱ्यात खिळ्याचे भोक असेल तर तेही तसेच राहू द्यावे.

तारखेविषयी एक उपयुक्त खूण सांगतो. अशा पत्रकांवर बहुधा तारीख नसते आणि देणारे सरसकट ‘कौलाच्या वेळचे’ असे सांगतात. फूल आणि दोन पाने ही चिन्हे फक्त कौलापुरती होती. ती असली तर पत्रक डिसेंबर १९६६ ते १६ जानेवारी १९६७ या दरम्यानचे धरता येते. केवळ पक्षाचे चिन्ह, उदाहरणार्थ सिंह, असले तर ते १९६३ चे किंवा मार्च १९६७ चेही असू शकते. तळाशी बारीक अक्षरात छापखान्याचे नाव आणि गाव असते, ते भिंगाने वाचून फलकावर अवश्य द्यावे. प्रचार कोणत्या गावात छापला जात होता हे त्यावरून उलगडते.

आता वहीविषयी. ती दालनात ठेवण्यास माझी हरकत नाही, मात्र उघडलेली पाने निवडताना नावे दिसता कामा नयेत. मतदान गुप्त होते आणि वहीतली खूण ही त्या माणसाचे मत नव्हे, तर कार्यकर्त्याने बांधलेला अंदाज आहे. हा फरक फलकावर ठळकपणे लिहावा लागेल. वही बंद ठेवून, शेजारी नावांचा रकाना झाकलेल्या एका पानाची प्रत लावावी. फूल खोडून पाने काढलेली जागा, ‘सून वेगळी’ ही नोंद आणि प्रश्नचिन्हे एवढे दिसले तरी पुरे. मूळ वही पाहू इच्छिणाऱ्या अभ्यासकासाठी लेखी अर्जाची पद्धत ठेवावी, आणि वही देणाऱ्या वारसांकडून वापराच्या अटींसह लेखी संमती घ्यावी. तोंडी होकार पुढच्या कार्यकारिणीला बांधील नसतो.

अंत्रुजकर

तिघांचेही मनःपूर्वक आभार. काल कार्यकारिणीपुढे ही सर्व मते ठेवली. प्रश्नांनुसार मांडणी करायची, प्रत्येक प्रश्नाच्या आत कागद काळानुसार लावायचे आणि शेवटचा फलक मार्च १९६७ च्या निवडणुकीचा ठेवायचा, यावर एकमत झाले. वहीच्या बाबतीत ‘जुने कागद’ यांनी सांगितलेली पद्धत जशीच्या तशी स्वीकारली आहे. वारसांनाही ती मान्य आहे. जमिनीच्या प्रश्नाला सर्वांत मोठी जागा दिली जाईल.

आणखी एक विचारायचे आहे. आम्ही ज्येष्ठांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करत आहोत, परंतु एकाच सभेविषयी तिघे तीन वेगळ्या गोष्टी सांगतात. कोणती आठवण घ्यावी?

मडगावची शिक्षिका

तिन्ही घ्याव्यात, परंतु सांगणाऱ्याचे तेव्हाचे वय प्रत्येक ठिकाणी लिहावे. त्या काळी मतदानाचे वय २१ होते. ते १८ झाले १९८९ मध्ये. याचा अर्थ असा की ज्यांनी प्रत्यक्ष मत दिले ते आज ऐंशीच्या पुढचे आहेत, आणि साठी-सत्तरीतले जे आज उत्साहाने बोलतात ते तेव्हा भोंग्याच्या जीपमागे धावणारी मुले होती. मुलांची आठवण खोटी नसते, त्यांना घोषणा, गाणी आणि मिरवणुका अचूक आठवतात. पण घरात काय ठरले आणि का ठरले, हे त्यांना नंतर ऐकून कळलेले असते. माझ्या आजवरच्या अनुभवात, ‘आपल्या घरात सगळ्यांनी एकाच चिन्हाला मत दिले’ असे छातीठोकपणे सांगणारा बहुतेक वेळा त्या घरातला तेव्हाचा लहान मुलगा असतो. म्हणून ऐंशीपुढच्या स्त्रियांना, शक्यतो घरातले इतर जण जवळ नसताना, आधी विचारा. आपल्या वहीतल्या त्या सुनेचे उत्तर कोणी घेतले असेल, असे मला वाटत नाही.

सासष्टीच्या बाजूने दोन गोष्टी सुचवते. रोमी लिपीतली कोंकणी पत्रके मिळाली तर ती वगळू नयेत. मजकूर देवनागरीत उतरवून खाली लावावा, म्हणजे मराठी वाचकालाही तो सहज कळेल. फोंड्यात ती कमी सापडतील, परंतु आमच्याकडे काही घरांत जपलेली आहेत आणि विचारले तर मिळतील. उल्हास बुयांव यांच्या गाण्यांनी सभा कशा भारल्या जात, हे तर ज्येष्ठांच्या ध्वनिमुद्रणात आपोआप येईलच. समोरच्या बाजूने महाराष्ट्रातून आलेल्या शाहिरांविषयी मात्र मुद्दाम विचारावे लागेल, कारण ती आठवण हल्ली कोणी स्वतःहून काढत नाही.

दुसरी गोष्ट तारवटींची, म्हणजे बोटीवर नोकरी करणाऱ्यांची. बोटीवर, मुंबईत आणि परदेशांत असलेल्या गोवेकरांना मताचा अधिकार मिळावा ही मागणी झाली होती, ती मान्य झाली नाही. त्यामुळे घरातला मिळवता माणूस दूर आणि मत देणारी त्याची बायको, असे चित्र कितीतरी घरांत होते. त्या महिन्यातली घरची पत्रे कोणाच्या पेटीत असतील तर त्यांची प्रत मागून पाहावी. ‘गावात काय चालले आहे ते कळव’ एवढे एक वाक्य त्यात असले तरी ते भित्तीपत्रकाइतकेच मोलाचे आहे.

डिचोलीकर

माझ्या सूचनेला जागा दिल्याबद्दल आभारी आहे. आमच्या घरी फुलाचे चिन्ह असलेले एक भित्तीपत्रक आहे. मूळ देणे शक्य नाही, पण स्कॅन अवश्य देतो. त्याच्याखाली ‘पराभूत बाजूचे पत्रक’ असे लिहू नये, एवढीच विनंती आहे. ते ज्या दिवशी भिंतीवर लागले त्या दिवशी कोणीच हरलेले नव्हते. छापखाना, गाव आणि अंदाजे महिना द्यावा, बाकी पत्रक स्वतःच सांगते.

जुने कागद

स्कॅन किमान ६०० डीपीआयचे, रंगीत आणि दोन्ही बाजूंचे करावे. पाठ कोरी असली तरी. कागद मोठा असल्यास फोटोकॉपीच्या दुकानात दुमडून काढू नये, खिडकीच्या उजेडात सपाट ठेवून वरून छायाचित्र घेतलेले अधिक बरे, आणि मोजमाप कळावे म्हणून कडेला पट्टी ठेवावी.